जहाजापुरते जागे होणारे बेट

आज सकाळी आमचे जहाज प्रशांत महासागरातील व्हानुआतू या द्वीपदेशाच्या दक्षिण टोकाला, मिस्ट्री आयलंडसमोर थांबले. एवढे मोठे जहाज लागेल असा धक्का तिथे नसल्यामुळे ते खोल पाण्यातच उभे राहिले आणि आम्हाला लहान बोटींतून किनाऱ्यावर नेण्यात आले. बेट इतके छोटे की रमतगमत चालूनही तासाभराच्या आत प्रदक्षिणा पूर्ण झाली. मध्ये गवताची एक लांब पट्टी लागते; ती दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी असून शेजारच्या अनेइत्युम बेटाकडे जाणारी छोटी विमाने आजही तिथेच उतरतात.

या बेटावर वस्ती नाही. जहाज येते त्या दिवशी अनेइत्युमचे लोक होड्यांतून सामान आणून दुकाने मांडतात. त्यांतल्या एक आजी केवड्याच्या जातीच्या पानांची टोपली विणत होत्या. नखाने पान उभे चिरायचे, गुडघ्यावर ओढून सरळ करायचे, मग विणीत सरकवायचे, हा क्रम त्यांनी बोलता बोलताही चुकवला नाही. मी टोपली घेतली. पैसे त्यांनी स्वतःच्या देशाच्या व्हाटूत न घेता ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये घेतले, याचे मला नवल वाटले आणि थोडे अवघडल्यासारखेही झाले, कारण त्यांची सगळी मांडामांड आमच्या सोयीची होती.

प्रवाळात पोहण्याचा आनंद अनवाणी उतरण्याच्या माझ्या हट्टाने अर्धा केला; टाच चांगलीच कापली. परतीच्या बोटीतून वळून पाहिले, तेव्हा आजी उरलेल्या टोपल्या एकात एक बसवून होडीकडे निघाल्या होत्या.