रिचमंडची शीट: बोल्टनचा ट्रेड पुन्हा मांडला

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या (एएफएल) रिचमंड क्लबच्या व्यवहारांची मी शीट ठेवतो. तिच्या 2024 च्या टॅबमधला खेळाडू शाय बोल्टनचा ट्रेड (क्लबांमधली अदलाबदल) या आठवड्यात नव्याने मांडला. रिचमंडने बोल्टन, 14 नंबरचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौदावं नाव घ्यायचा हक्क) आणि पुढच्या वर्षाचा तिसऱ्या फेरीचा पिक फ्रीमँटलला दिला. बदल्यात घेतले 10, 11 आणि 18. लीगच्या तेव्हाच्या गुणतक्त्यावर (त्यात प्रत्येक पिकला ठरावीक गुण) आले 3709, त्यातून 14 चे 1161 गेले, उरले 2548. (तिसरी फेरी मी हिशेबात धरत नाही, चिल्लर आहे.) म्हणजे एकट्या बोल्टनला दुसऱ्या पिकपेक्षा जास्त भाव मिळाला, दुसऱ्याचे गुण 2517.

पण तो तक्ता खेळाडूची किंमत सांगायला केलेलाच नाही. क्लबच्या अकादमीतल्या किंवा फादर-सन (वडील त्याच क्लबकडून खेळलेले) पोरावर दुसऱ्या क्लबने बोली लावली, की त्याला ठेवायला त्याच्या क्लबने किती गुण मोजायचे, एवढ्यापुरता तो आहे. त्यावर सवलत तेव्हा 20 टक्के होती, 2025 मध्ये 10 झाली. त्यामुळे एकाच पिकचे दोन भाव निघतात: असं पोरगं ठेवायचं असलेल्या क्लबला वेगळा, बाकीच्यांना वेगळा. 2023 मध्ये गोल्ड कोस्टने 4 नंबर बुलडॉग्सना देऊन 10, 17 आणि पुढच्या वर्षाची पहिली फेरी उचलली. 2034 गुण देऊन 2420 हातात, वर पुढच्या वर्षाचं वेगळंच. जेड वॉल्टर त्यांच्याच अकादमीतला होता, त्याचे गुण मोजायला त्यांना फक्त सुटे, म्हणजे एका मोठ्या पिकऐवजी अनेक लहान पिक, हवे होते.

रिचमंडला असे सुटे नको होते. म्हणून शीटमध्ये 'खुला क्रमांक' असा नवा कॉलम घातला. ड्राफ्टच्या रात्री 10 चा 12 झाला, 11 चा 14 आणि 18 चा 21, कारण ब्रिस्बेनने लेव्ही ॲशक्रॉफ्ट 5 वर, गोल्ड कोस्टने लिओ लोम्बार्ड 9 वर आणि एसेंडनने आयझॅक काको 13 वर आपल्याकडे ठेवला. तक्ता म्हणतो, पहिल्या दोन पिकमध्येच 295 गुण बुडाले. बुडाले कसले? ही पोरं रिचमंडला मिळणारच नव्हती. ज्यांच्यावर कुणाचा हक्क नाही अशांमधला दहावा, तो दहावाच राहिला. नव्या कॉलममध्ये घसरण शून्य दिसते, आणि तेच खरं आहे.

त्या तीन पिकवर ताज हॉटन, जॉन्टी फॉल आणि ल्यूक ट्रेनर आले. रिचमंडने दिलेला 14 घसरत 17 वर गेला आणि फ्रीमँटलने त्यावर मर्फी रीड घेतला. 2025 चा रायझिंग स्टार, म्हणजे लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू! पोटात दुखतं, पण रीड मी ट्रेडच्या खात्यात टाकलेला नाही. 12 ला आणि 14 ला तो समोरच होता, रिचमंडने दोन्ही वेळा दुसरं नाव घेतलं. तो हिशेब निवड करणाऱ्यांचा.

एकाच्या बदल्यात तीन घ्यायचे तर यादीत जागा लागते. मुख्य यादी 38 च्या वर जात नाही, पण डस्टिन मार्टिन, ग्राइम्स, पिकेट निवृत्त झाले होते. रिओली आणि बेकरही दुसऱ्या क्लबांत गेले. दोन सामने जिंकून तळाला बसलेल्या क्लबला तीन पोरं परवडतात. फायनल्सवर (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांवर) डोळा ठेवून असलेल्या फ्रीमँटलला तयार माणूस हवा होता. माझ्या मते ट्रेड दोघांनाही रास्त होता, रिचमंडला किंचित जास्त.

खटकतं ते वय. लालोर, स्मिली, हॉटन, फॉल, ट्रेनर, आर्मस्ट्राँग, सगळी रिचमंडने एकाच ड्राफ्टमध्ये घेतलेली पोरं. पगारवाढ मागायलाही एकाच सुमारास बसणार, तेव्हा सॅलरी कॅपचं (क्लबच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेचं) काय? 'वय' आणि 'करार संपतो' हे कॉलम भरतोय.

पुढे मांडायचा तो नॉर्थ मेलबर्नचा ट्रेड: 27 नंबर मिळवण्यासाठी त्यांनी 2025 चा पहिल्या फेरीचा पिक रिचमंडला देऊन टाकला. पुढच्या वर्षाच्या पिकला भाव लावताना मी त्या क्लबच्या मागच्या तीन हंगामांच्या स्थानाची सरासरी धरतो. प्रशिक्षक बदलला की ती कोलमडते. याहून बरं सूत्र कुणी वापरत असेल तर द्या.