गॅदरिंगच्या आदल्या रात्री

क्रीडा सप्ताहातली फुटबॉलची फायनल संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी गॅदरिंग, हा आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या कॉलेजचा दर जानेवारीचा ठरलेला क्रम. गॅदरिंगला येणाऱ्यांना हॉलबाहेरच्या बोर्डावर आदल्या संध्याकाळची मॅच दिसलीच पाहिजे, हा फोटोग्राफी मंडळाचा शिरस्ता. मधली रात्र आमची, डार्करूममध्ये फिल्म धुऊन फोटो छापण्याची. कॉलेज सोडून गेलेले मंडळाचे जुने लोकही त्या रात्रीसाठी मुद्दाम यायचे. कुणी डिचोलीहून, कुणी सावर्ड्याहून, एकजण तर वास्कोहून ड्युटी संपवून थेट.

मॅच सुरू होईपर्यंत ऊन माडांच्या मागे गेलेलं असे. ४०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची ताकद) फिल्म ८०० समजून वापरायची, म्हणजे शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवता येई. मग डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, तिला जास्त वेळ द्यायचा आणि वाढलेला ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, आनंदाने पत्करायचा. मातीच्या मैदानावरच्या फुटबॉलला तो ग्रेन शोभतोही, असं माझं आजही मत आहे.

अडचण व्हायची ती उकाड्याची. डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि बंद खोलीत जानेवारीतही घामाच्या धारा. द्रावण तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडतो, नखही लागून चालत नाही. म्हणून मासळी बाजारातून बर्फ आणायचा, मोठ्या परातीत ठेवायचा आणि त्यात डेव्हलपरचा ट्रे. बर्फ कुणी आणायचा यावरूनच रात्रीच्या गप्पांना तोंड फुटे.

निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली पहिली निगेटिव्ह गेली की टेस्ट स्ट्रिप, म्हणजे किती उजेड लागेल ते पाहायची कागदाची पट्टी. पुठ्ठा सरकवत पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद. लाल दिव्याखाली सगळी डोकी ट्रेवर वाकलेली. एका वर्षीचा गोलकीपरचा फोटो मला अजून स्पष्ट दिसतो. गोल खाल्ल्यावर तो जाळीत गुडघ्यांवर बसलाय, तोंड अर्धं सावलीत, मागचं आभाळ पांढरं फटक. मंडळाच्या सरांनी तोंड काळं पडू नये म्हणून तारेच्या टोकाला लावलेली काळ्या कागदाची चकती चेहऱ्यावर हलती ठेवली, मग आभाळ गडद व्हावं म्हणून भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून त्याला जादा उजेड दिला. डेव्हलपरमध्ये आधी जाळी उमटली, मग खांदे, शेवटी डोळे.

“पूण बॉल खंय आसा?” डिचोलीकराने विचारलं आणि वाद पेटला. त्याच्या मते बॉल नाही तर तो खेळाचा फोटोच नव्हे. सावर्डेकर म्हणाला, बॉल सगळ्यांनी पाहिलाय, हा चेहरा कुणी पाहिला? मी सावर्डेकराच्या बाजूचा. सर एवढंच म्हणाले, “चेहरा आधी बघा रे, बॉल मागाहून.” तिथून बोलणं गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यावर गेलं नसतं तरच नवल. गोव्याने १९८३ मध्ये बंगालबरोबर आणि १९८४ मध्ये एकट्याने संतोष ट्रॉफी ही राज्यांमधली फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक गोलकीपरची तुलना त्यांच्याशीच व्हायची. ते क्रॉसला कधी पुढे येत आणि कधी गोललाइनवर थांबत, हे अंधारात हातवारे करून सांगणारे जुने लोक होते. एकदा त्या हातवाऱ्यांत डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण, स्टॉप बाथ, सांडलं. कुणी रागावलं नाही, फडकं आलं आणि गोष्ट पुढे चालू राहिली.

धुण्याच्या बाबतीत मात्र सर कुणाचं ऐकत नसत. फोटो पक्का करणारं द्रावण, हायपो, कागदात राहिलं तर पुढे प्रिंट पिवळी पडते, म्हणून फायबर पेपर वाहत्या पाण्यात तासभर. उजाडता उजाडता पदेराची (पाववाल्याची) पों-पों ऐकू आली की कुणीतरी गरम पाव घ्यायला पळे, पातळभाजी समोरच्या हॉटेलातून येई, आणि ओल्या प्रिंट दोरीवर चिमट्यांना लटकत. गॅदरिंगमधल्या नाटकाला आमच्यातले निम्मे जण खुर्चीतच झोपत. पण सकाळी बोर्डासमोर आपला फोटो शोधणारी पोरं आम्ही डोळे उघडे ठेवून पाहिलेली असत. तो गोलकीपर आपल्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि ‘हो म्हाका दिशी?’ (हा मला देशील?) म्हणून प्रिंट मागून घेऊन गेला.

कॉलेजातल्या त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. एन्लार्जर सावर्डेकराच्या घरी आहे आणि जानेवारीतली एक रात्र आम्ही तिथे जमतो. निगेटिव्ह डब्यात सिलिका जेलसोबत जपल्यामुळे पावसाळ्यातल्या बुरशीपासून वाचल्यात. दर वर्षी त्यातली एखादी, पूर्वी कधीच प्रिंट न केलेली, निवडायची. यंदा मुलींच्या रिलेतली बॅटन बदलतानाची ठरली आहे. दोघींचेही हात थोडे हललेत, म्हणून डिचोलीकराचा तिला विरोध आहे. पेपर मागवून झालाय, वाद तिथे जाऊन घालू.