पावाची व्याख्या

मागच्या सप्टेंबरात आमच्या गावातील एकमेव बुलांजेरी, म्हणजे पावाची बेकरी, बंद झाली आणि तीन महिन्यांनी नगरपालिकेच्या इमारतीशेजारी पावाचे यंत्र उभे राहिले. कार्ड टेकवले की थोड्याच वेळात खालच्या कप्प्यातून कोमट बगेत, म्हणजे काठीसारखा लांबट पाव, बाहेर येते. फ्रान्समधील ल्यों शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या या गावात मी सात वर्षे राहते आहे. यंत्रातील पाव वाईट नसतो, हे आधीच सांगायला हवे. रविवारी संध्याकाळी, दुसरे काहीच उघडे नसताना, तो मिळतो हीसुद्धा सोय आहे. तरीही मी अजून त्या यंत्राशी समेट करू शकलेले नाही आणि त्याचे कारण पावाच्या चवीत नाही.

फ्रान्सबद्दल आपल्याकडे अशी समजूत असते की हा देश आपली खाद्यसंस्कृती प्राणपणाने जपतो. ती पुष्कळ अंशी खरी आहे. सत्तरच्या दशकानंतर कारखान्यांत तयार झालेले गोठवलेले कणकेचे गोळे सुपरमार्केटमध्ये फक्त भाजून ‘ताजा पाव’ म्हणून विकले जाऊ लागले आणि रात्री दोन-तीनला उठून कणीक मळणारे छोटे बेकर त्यांच्या किमतीपुढे टिकेनासे झाले. 1970 मध्ये देशात सुमारे 55,000 बेकऱ्या होत्या, आज त्या 35,000 च्या आसपास आहेत. यावर सरकारने दुकानांवर बंदी घातली नाही. त्याने पाव म्हणजे काय ते कायद्यात लिहून काढले. 13 सप्टेंबर 1993 च्या आदेशानुसार ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ हे नाव लावायचे असेल, तर त्यात गव्हाचे पीठ, पिण्याचे पाणी, मीठ आणि आंबवण्यासाठी यीस्ट किंवा आंबवलेल्या कणकेचे विरजण एवढेच असावे लागते. बाकला या कडधान्याचे, सोयाबीनचे आणि माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) पीठ अगदी अल्प प्रमाणात चालते, अन्य रसायने चालत नाहीत आणि कणीक कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. पुढे 1998 च्या कायद्याने ‘बुलांजेरी’ ही पाटीच अशा दुकानांपुरती राखून ठेवली, जेथे मळणे, आंबवणे, आकार देणे आणि भाजणे ही सगळी कामे त्याच जागी होतात. नोव्हेंबर 2022 मध्ये बगेत बनवण्याच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

येथे एक गोष्ट मला विचारात पाडते. ज्या बगेतला परंपरा म्हणून जपले जाते, ती स्वतः फारशी जुनी नाही. पांढरे पीठ, यीस्ट, वाफेची भट्टी आणि एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाहून आलेल्या पद्धती यांतून हा पाव घडत गेला आणि ‘काठी’ या अर्थाचा बगेत हा शब्द त्याला विसाव्या शतकात चिकटला. आपला पावही तसाच. माझी आत्या म्हापशाला राहत असे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे सायकलच्या भोंग्याचा आवाज आला की आम्ही मुले पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, धावत असू. तो पाव पोर्तुगिजांबरोबर समुद्र ओलांडून आला, पण गोव्यात तो माडाच्या सुरेने आंबवला गेला, त्याचे उंडो आणि पोई असे प्रकार झाले आणि कोणाला किती पाव लागतात हे पोदेराला तोंडपाठ होते. म्हणजे दूरदेशीची वस्तू येणे हा काही संस्कृतीवरचा घाला नव्हे. ती वस्तू येथल्या हातांना बदलता येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते. दुकानांच्या मोठ्या साखळीचे प्रमाणीकरण नेमके तेथेच वेगळे आहे: हात कोणाचा आहे याने काही फरक पडू नये, हाच त्याचा हेतू असतो आणि त्याच्या दृष्टीने तेच यश असते.

फ्रेंच कायद्याने हाताला पुन्हा किंमत दिली, हे मला मनापासून पटते. पण कंपन्याही शिकल्या. आमच्यापासून सहा किलोमीटरवर, महामार्गाच्या चौकाजवळ, भल्यामोठ्या पार्किंगसह एका साखळीची बुलांजेरी आहे. तेथे कणीक खरोखर त्याच जागी मळली जाते, म्हणून पाटी कायदेशीर आहे. चार बगेतींत एक फुकट मिळते. लाकडी फळ्या, पिवळा उजेड आणि विटांचा आभास मात्र मी दुसऱ्या तीन शहरांच्या वेशीवर जसाच्या तसा पाहिला आहे. कायद्यात कणकेची व्याख्या बसली. गल्ल्यामागे कोण उभे असावे, याची व्याख्या त्यात बसणे शक्यच नव्हते.

आमच्या बेकरीत गल्ल्यावर बेकरची पत्नी असे. मी या गावात आले तेव्हा मला धड वीसपर्यंत आकडे म्हणता येत नव्हते. ‘बोंजूर मादाम’ म्हटल्याशिवाय येथे काही मागणे उद्धटपणाचे असते, हे मला तिने न रागावता, माझ्या ‘बोंजूर’ची शांतपणे वाट पाहून शिकवले. ‘बिएँ क्वीत’, म्हणजे खरपूस भाजलेली, हे दोन शब्द मी आधी शिकले. काही महिन्यांनी ते म्हणायची गरजच उरली नाही, कारण मी दारात दिसताच तिचा हात मागच्या बाजूच्या गडद बगेतींकडे जात असे. आईच्या आजारपणात मी दोन महिने साताऱ्याला होते. परतल्यावर या देशात ‘आई कशी आहे?’ असे विचारणारी पहिली व्यक्ती तीच होती. समोरच्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई एक दिवस पाव न्यायला आल्या नाहीत, तर दुपारी तिने नवऱ्याला त्यांच्या दारावर पाठवले होते.

बेकरी कोणा कंपनीने बंद पाडली असे मी म्हणणार नाही. दोघे साठीला आले होते, मुलांना रात्रीचे हे काम नको होते आणि 2022 च्या अखेरीस वीज महागली तेव्हा देशभरातील बेकर बिले घेऊन रस्त्यावर आले होते, त्यांत आमचाही बेकर होता. चौकाजवळचे दुकान त्याचे शनिवारचे गिऱ्हाईक नेत होते, हेही खरे. त्या गिऱ्हाइकांत कधी कधी मीही होते आणि त्याचे मला आज वाईट वाटते.

आता आजीबाई यंत्रापाशी येतात तेव्हा कार्ड कोठे टेकवायचे ते त्यांना कोणीतरी दाखवावे लागते. बहुतेक सकाळी मी दाखवते. त्या आधी ‘बोंजूर’ म्हणतात, मग मी म्हणते, मग आम्ही दोघी पाव येण्याची वाट पाहत उभ्या राहतो. नगरपालिकेने बेकरीची जागा विकत घेतली आहे आणि नव्या बेकरसाठी जाहिरात दिली आहे. घराचे भाडे पहिले वर्षभर माफ आहे, भट्टी जागेवरच आहे. गेल्या मंगळवारी एक तरुण जोडपे ती पाहून गेले, हे मला आजीबाईंनीच सांगितले.