वेझेन ते क्विंटेन: तलावाकाठच्या अनोळखी वाटेची आखणी

झुरिकमधील आमच्या मराठी मित्रमंडळींनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एकत्र पायी भटकंतीला जायचे ठरवले, आणि वाट निवडून तिची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही एकूण तेरा जण होतो. त्यांत आठ आणि अकरा वर्षांची दोन मुले होती, पुण्याहून लेकीकडे आलेले काका-काकू होते, नाशिकहून आमच्याकडे आलेले माझे बाबा होते आणि बाकीचे आम्ही तिशी-चाळिशीतले होतो. मी वालेनझे या तलावाच्या उत्तर काठावरची, वेझेनहून क्विंटेनला जाणारी वाट निवडली. तिच्यावर आमच्यापैकी एकही जण पूर्वी गेलेला नव्हता. तलावाकाठची वाट म्हणजे सपाटच असणार, तिची एवढी आखणी कशाला, असे दोघा-तिघांनी विचारले, आणि तो प्रश्न स्वाभाविक होता, कारण नकाशा उघडेपर्यंत माझीही समजूत तशीच होती.

वालेनझे हा झुरिकच्या आग्नेयेला, रेल्वेने पाऊण-एक तासावर असलेला लांबट आणि अरुंद तलाव आहे. त्याचे पाणी समुद्रसपाटीपासून ४१९ मीटर उंचीवर आहे आणि उत्तर काठाला लागूनच कूरफिर्स्टेन नावाच्या शिखरांची रांग उभी आहे, तिच्यातील सर्वांत उंच शिखर २३०६ मीटरांचे आहे. म्हणजे पाण्यापासून माथ्यापर्यंत जवळजवळ १९०० मीटरांची ही भिंत आहे. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे हे बाबांना सांगितले, तेव्हा या भिंतीचा अंदाज त्यांना लगेच आला. दक्षिण काठावरून रेल्वे आणि महामार्ग जातात, पण त्यांनाही जागोजाग बोगद्यांतून जावे लागते. उत्तर काठावर क्विंटेनपर्यंत गाडीरस्ता पोहोचलेलाच नाही, त्या गावी जायचे तर चालत जावे लागते किंवा बोटीने.

आमची सारी आखणी या एका गोष्टीभोवती फिरली. सह्याद्रीत आम्ही गडांवर जायचो, तेव्हा पायथ्याच्या गावात चौकशी करता येत असे, वाटाड्या मिळत असे, आणि वाट चुकली तर कुठल्यातरी सोंडेवरून किंवा गुराखी दाखवील त्या पायवाटेने खाली एखाद्या वाडीत उतरता येईल असा भरवसा असे. इथे तसे नाही. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल पाणी असताना ‘कुठूनतरी उतरू’ हा पर्याय उरत नाही. त्यामुळे कुठपर्यंत पोहोचायचे यापेक्षा कुठे कुठे वाट सोडता येईल हा प्रश्न मी आधी हाती घेतला, आणि अनोळखी वाटेवर गट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने तो आधीच हाती घ्यावा असे माझे आता ठाम मत झाले आहे.

स्वित्झर्लंडचे सरकारी नकाशे हे या देशातील मला सर्वांत आवडलेल्या गोष्टींपैकी एक आहेत. १८४५ ते १८६५ या काळात जनरल दुफूर यांच्या देखरेखीखाली देशाचे पहिले अचूक नकाशे प्रसिद्ध झाले आणि ती परंपरा आजच्या स्विसटोपो ॲपपर्यंत चालत आली आहे. त्यावर पायवाटा रंगाने दाखवलेल्या असतात आणि दुरुस्तीसाठी किंवा दरड कोसळल्यामुळे बंद असलेले भागही दिसतात. १:२५००० प्रमाणाच्या नकाशावर आल्प्सच्या भागात दोन समोच्च रेषांमधील, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधील, उंचीचे अंतर २० मीटर असते, त्यामुळे बोटाने वाट गिरवत जाताना किती रेषा ओलांडल्या हे मोजले की चढ कळतो. मी ते मोजले. बेटलिस या वस्तीपर्यंत वाट बहुतांश सोपी आहे, पण त्यानंतर ती जंगलात शिरते, काठावरचे कडे टाळण्यासाठी वर चढते आणि क्विंटेनपाशी पुन्हा पाण्याजवळ उतरते. तलावाचे पाणी सपाट असते, पण काठावरची वाट सपाट असेलच असे नाही, ही साधी गोष्ट मी तो नकाशा छापून सर्वांना दाखवली तेव्हा एकाही माणसाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

येथील वाटांच्या खुणांविषयी इथे थोडे सांगणे गरजेचे आहे, कारण भारतातून आलेल्या पाहुण्यांना त्या सगळ्या सारख्याच वाटतात. पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, जिच्यासाठी विशेष तयारी लागत नाही. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय घट्ट रोवून चालता यायला हवे, उंचीची भीती नसावी आणि बूटही तसे हवेत. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर ती वाट अनुभवी लोकांसाठी आहे. आम्ही पायताणाचा नियम डोंगरवाटेच्या हिशेबानेच ठेवला: घोट्याला आधार देणारे, तळाला खोल खाचा असलेले बूट सर्वांनी घालायचे. काकांकडे फक्त शहरात चालायचे बूट होते, ते आम्ही आठवडाभर आधी बदलून घेतले आणि नवे बूट रोज संध्याकाळी घालून फिरायला सांगितले.

पाट्यांवर लिहिलेल्या वेळेचा अर्थ नीट समजून घेतला नाही तर सगळे गणित फसते. त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, आणि सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या वेगाने चालणारा माणूस गृहीत धरून, चढ-उताराप्रमाणे त्यात बदल करून ती काढलेली असते. वेझेन ते क्विंटेन हे दहा-अकरा किलोमीटरांचे अंतर आहे आणि त्याला साधारण साडेतीन तास धरतात. आमच्या गटाचा वेग मात्र आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले काका-काकू ठरवणार होते. म्हणून मी त्या वेळेची दीडपट केली, त्यात जेवणाचा एक तास मिळवला आणि सव्वासहा तास हा आकडा सर्वांना कळवला. तरुण मंडळींना तो फार वाटला. परंतु गटाच्या आखणीत सरासरी वेग धरला तर सर्वांत हळू चालणारा माणूस दिवसभर मागे पडत राहतो, ‘माझ्यामुळे सगळे थांबले’ हे ओझे त्याच्या मनावर बसते, आणि ते ओझे घेऊन चालणारा माणूस दमला तरी थांबा म्हणत नाही. आई-वडिलांच्या वयाच्या माणसांवर ती वेळ आणणे मला मान्य नव्हते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याहून लवकर जाणवतो. क्विंटेनहून समोरच्या मुर्ग गावी जाणारी बोट वर्षभर चालते आणि मुर्गला रेल्वे स्थानक आहे, ही आमची परतीची वाट होती. पण बोटीचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून मी त्याच दिवसाचे वेळापत्रक पाहिले आणि एवढा गट येणार आहे हे आधी दूरध्वनी करून कळवले. शेवटच्या बोटीच्या आधीची बोट हीच आपली बोट, असा नियमही आम्ही केला. शेवटची बोट ही अडचणीसाठी राखून ठेवायची असते.

वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागला. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे या तलावावर वारा अचानक आणि जोराने सुटतो, आणि खड्या काठांमुळे नावेला आसरा घ्यायला जागा थोड्याच आहेत. १८५० च्या डिसेंबरमध्ये डेल्फिन नावाची आगबोट रात्रीच्या वादळात इथे बुडाली आणि तिच्यावरील एकही माणूस वाचला नाही. आजही मोठ्या स्विस तलावांच्या काठांवर वादळाची सूचना देणारे नारिंगी दिवे असतात, ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावधगिरीचा इशारा आणि ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा इशारा. बोट हाच परतीचा मार्ग असेल तर हे दिवे चालणाऱ्यांनाही वाचता आले पाहिजेत. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी दुपारी चार वाजता बेत रद्द होईल, असे मी सर्वांना आधीच सांगून ठेवले होते. ही वेळ ठरवून ठेवल्याचा मोठा फायदा होतो: तेरा माणसांचा उत्साह आणि एका माणसाची शंका यांच्यात रात्री उशिरापर्यंत ओढाताण होत नाही.

आता सुटण्याच्या जागांकडे येतो. पहिली जागा बेटलिस होती. तिथपर्यंत वेझेनहून एक अरुंद गाडीरस्ता येतो, त्यामुळे ज्याला पुढचा चढ नको असेल त्याने त्याच रस्त्याने परत जायचे, बसने त्सीगेलब्र्यूके स्थानक गाठायचे, तिथून रेल्वेने मुर्गला आणि बोटीने क्विंटेनला यायचे. बेटलिसच्या धक्क्यावर हंगामात बोट थांबते खरी, पण फेऱ्या मोजक्या असल्याने तिच्यावर आम्ही विसंबलो नाही. बेटलिस ते क्विंटेन या टप्प्यात गाडीरस्त्याला जोडणारी वाट नाही, म्हणून पुढे जायचे की नाही हा निर्णय बेटलिसलाच आणि प्रत्येकाने स्वतः घ्यायचा, असे ठरले. मागे फिरणारा माणूस एकटा जाणार नाही आणि त्याच्यासोबत कोण जाईल हेही आधीच ठरवले. ते मी होतो. आखणी करणाऱ्याने शेवटपर्यंत पुढे राहिलेच पाहिजे असे काही नाही, वाट नकाशावर सर्वांना माहीत असली म्हणजे झाले.

पाहुण्यांच्या विम्याची चौकशी करताना मला थोडा संकोच वाटला, पण ती केली हे बरे झाले. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवासविमा लागतोच, परंतु त्यात डोंगरातील पायी भटकंती आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरलेली आहे का, हे प्रत्येकाच्या कागदावर वेगळे वाचावे लागते. इथे राहणाऱ्यांनाही सक्तीच्या आरोग्यविम्यातून बचावकार्याच्या खर्चाचा निम्माच भाग आणि तोही वर्षाला जास्तीत जास्त ५००० फ्रँक मिळतो. हवाई बचावसेवेचा १४१४ आणि रुग्णवाहिकेचा १४४ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये, मुलांच्या आयांच्याही, भरून घेतले.

रविवारी मोठ्या रेल्वे स्थानकांखेरीज बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शिधा घरूनच नेला: दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, डिंकाचे लाडू. पाणी प्रत्येकी दीड लिटर.

त्या सकाळी आम्ही त्सीगेलब्र्यूकेला उतरून लिंट कालव्याच्या काठाने वेझेनकडे निघालो, आणि मुलांना सांगण्यासाठी मी एक गोष्ट तयार ठेवली होती. दोनशे वर्षांपूर्वी हा सारा परिसर दलदलीचा होता. लिंट नदी डोंगरांतून गाळ आणि दगडगोटे आणून टाकत असे, त्यामुळे वालेनझेचे पाणी तुंबत असे, गावे बुडत असत आणि लोक हिवतापाने खंगत असत. हान्स कॉनराड एशर यांच्या नेतृत्वाखाली १८०७ साली काम सुरू झाले, १८११ मध्ये नदीचा प्रवाह वळवून थेट तलावात सोडण्यात आला, म्हणजे गाळ तलावाच्या तळाशी बसू लागला, आणि पुढे तलाव ते झुरिकचा तलाव असा कालवा काढला. तलावाची पातळी पाच मीटरांहून अधिक खाली आली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी कालव्याच्या दोन्ही काठांची बांधणी थांबून पाहिली, आणि आमच्या वेळापत्रकातील पहिली वीस मिनिटे तिथे गेली. ती मी मनापासून जाऊ दिली.

बेटलिसला पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. तिथून सेरेनबाखचा धबधबा दिसतो. तो तीन टप्प्यांत मिळून ५८५ मीटर कोसळतो आणि त्याचा मधला टप्पाच ३०५ मीटरांचा आहे. उन्हाळ्यानंतर पाणी कमी झाले होते, तरी काळ्या कातळावरची ती पांढरी रेघ पाहत जेवणे मुलांना फार आवडले. जेवणानंतर काकू शांतपणे म्हणाल्या, “माझा गुडघा उतारावर बोलेल, मी इथून परत फिरते.” काकाही त्यांच्यासोबत उठले. कोणी आग्रह केला नाही, कोणाचा चेहरा पडला नाही, कारण हा पर्याय पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. गटाच्या पुढे चालायचे काम बाबांनी आणि मागे राहायचे काम माझ्या पत्नीने घेतले, त्या दोघांच्या मधेच सर्वांनी राहायचे हे मुलांकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले, आणि मी काका-काकूंसोबत वेझेनच्या रस्त्याला लागलो.

आम्ही बस, रेल्वे आणि बोट असा फेरा घालून चारच्या आधी क्विंटेनला उतरलो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या या उबदार गावात द्राक्षांचे मळे आहेत आणि अंजीरही पिकते. काकूंनी धक्क्याजवळच्या बाकावर बसून डबा उघडला आणि उरलेल्या लाडवांची मोजणी करून दहा वेगळे काढून ठेवले. सव्वाचारच्या सुमारास मळ्यांच्या वरच्या वळणावर आधी बाबांची पांढरी टोपी दिसली, मग मुले, आणि सर्वांत शेवटी माझ्या पत्नीची निळी पिशवी. काका उभे राहून मोजू लागले. दहा भरले, तेव्हा आमची बोट मुर्गच्या धक्क्यावरून नुकतीच निघालेली दिसत होती.