वास कोणाला आला?

कथालेखनात आज मला जे थोडेफार जमते, त्याचे मूळ शोधण्यासाठी माझ्या इंदूरच्या शाळेतल्या निबंधाच्या तासांपलीकडे जावे लागत नाही. मराठीच्या बाईंचा वर्णनाविषयीचा आग्रह त्या वयात जाचक वाटे. पण पुढे या विषयावर जे काही वाचले, त्यात त्याहून उपयोगी असे फारसे सापडले नाही.

बाई फळ्यावर एखादे साधे वाक्य लिहीत : ‘रात्री सराफ्यात खमंग वास सुटला होता.’ मग विचारीत, “वास कोणाला आला?” इंदूरच्या मुलांना सराफा समजावून सांगावा लागत नाही, दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकाने लागतात. तिथे पाहुणा म्हणून आलेला मुलगा आणि दिवसभर तेजाबाच्या वाफेत दागिने उजळणारा कारागीर यांना एकच वास येईल कसा, असे बाईंचे म्हणणे असे. मग सगळ्या वर्गाने मिळून ते वाक्य बदलले : ‘कारागिराने शटर ओढले तेव्हा शेजारच्या कढईत गराडूच्या कंदाच्या फोडी पडल्या होत्या, त्याने हात नाकाशी नेला, तर बोटांना अजून तेजाबाचाच वास होता.’ त्यात ‘खमंग’ कुठेच नव्हते आणि तरीही भूक जाणवत होती.

एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात त्याची जाणीव बोथट होते. म्हणूनच स्वतःच्या घराचा वास आपल्याला कळत नाही, पाहुण्याला कळतो. इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारात हे प्रत्यक्ष पाहायला मिळे. मिरची-धन्याच्या पोत्यांमधून जाताना आम्ही मुले शिंकून बेजार होत असू आणि हमाल मात्र पाठीवर पोते घेऊन शांतपणे वाट मागत असे. म्हणून त्या गल्लीचा वास लिहायचा तर तो नवख्याच्या नाकाने लिहावा. हमालाच्या बाजूने लिहायचे असेल, तर मानेला घासणारा ताग, डोळ्यांत उतरणारा घाम आणि ओझ्याखालून दिसणारी हातभर जमीन, एवढेच खरे मानावे.

बाईंचा मोठा आधार ज्ञानेश्वरीचा होता. शके १२१२मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात माउली म्हणतात की, या बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि शब्द हा कानाचा विषय असूनही इंद्रियांमध्ये त्यावरून भांडण लागेल. असा वारसा असलेल्या भाषेत केवळ रंगांच्या याद्या देऊन वर्णन उरकावे, याचे मला आजही वाईट वाटते. अर्थात प्रत्येक परिच्छेदात पाचही इंद्रियांची हजेरी घेण्याचा खटाटोप बाईंनाही मान्य नव्हता.

पावसाच्या निबंधाच्या वेळी याची खरी कसोटी लागली. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या सरीनंतर तिचा वास सुटतो. त्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा मोठा वाटा असतो, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलेच होते. बहुतेकांनी तो वास आनंदाने वर्णिला होता. बाईंनी वह्या परत दिल्या आणि एवढेच म्हटले की, शेतकऱ्याला त्याच वासाने पेरणीची घाई होते, तर वीटभट्टीवर थापलेल्या कच्च्या विटा उघड्यावर असणाऱ्याच्या पोटात गोळा येतो; उद्या तोच पाऊस भट्टीवर उभे राहून लिहून आणा.