कागदावरचा ससा

अस्सल जातीचे ससे पाळणाऱ्या माणसाच्या घरी एक ससा नेहमी जास्तीचा असतो. तो पिंजऱ्यात नसतो, कागदावर असतो. त्याला गवत लागत नाही, पाणी लागत नाही, त्याचे केस गळत नाहीत आणि त्याने आजवर कोणाच्या चपलेचा पट्टा कुरतडलेला नाही. प्रत्येक जातीचं एक स्टँडर्ड असतं, म्हणजे त्या जातीचा ससा कसा असावा याचं लेखी वर्णन. खांदे किती रुंद, पाठीची कमान कुठून चढावी आणि कुठे सर्वांत उंच व्हावी, कान किती लांब, लव किती दाट, डोळे कोणत्या रंगाचे. सगळं मिळून १०० गुण; सशांच्या प्रदर्शनात, म्हणजे शोमध्ये, जज याच कागदाशी ससा ताडून बघतो. अमेरिकेतली ससेपालकांची संघटना १९१० पासूनची, ब्रिटनमधली १९३४ पासूनची. अमेरिकन मंडळी दर पाच वर्षांनी या वर्णनांचं पुस्तक नव्याने काढतात आणि त्यात पन्नासेक जाती असतात. मी ते झोपण्यापूर्वी चाळतो. घरच्यांना आता त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

१०० पैकी १०० गुणांचा ससा मी पाहिलेला नाही, आणि पाहिलेला माणूसही मला भेटलेला नाही. सशाचं शिंग आणि शंभर गुणांचा ससा यांचा पत्ता एकच असावा. तरीही आपण एकेका पिल्लाकडे बघताना मनातल्या मनात तो कागद शेजारी धरतोच. हा नाद लागला की साधा गोजिरवाणा ससा बघायची सोय कायमची जाते. लोक म्हणतात, ‘किती गोड!’ आणि आपण म्हणतो, ‘हो, पण मागचा भाग जरा निमुळता आहे.’

मुळात या सगळ्या जाती एकाच कुळातल्या. स्पेन-पोर्तुगालकडच्या रानात बिळं करून राहणारा करड्या-तपकिरी रंगाचा जंगली ससा, तोच या सगळ्यांचा पूर्वज. सहा किलोंच्या वर जाणारा फ्लेमिश जायंट आणि जेमतेम किलोभर भरणारा नेदरलँड ड्वार्फ हे एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे दोघांना शेजारी बसवलं तर खरं वाटत नाही. पाळीव सशांनी डार्विनलाही चांगलंच गुंतवलं होतं. १८६८ सालच्या ग्रंथात त्याने त्यांच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि कवट्या मोजून दाखवलं, की ज्या सशाचा एकच कान लोंबतो त्याच्या कवटीची तेवढी बाजूही बदललेली असते. नुसता कान पाडायला गेलो आणि हाड हललं. जातिवंत सशांच्या बाबतीत पुढे जे जे होतं, ते बरंचसं याच चालीने होतं.

आता नखांचं बघा. सशाला १८ नखं असतात, पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. रंगीत सशाच्या पायात एक जरी पांढरं नख निघालं, तरी बहुतेक जातींत तो बाद. पाठ कितीही सुरेख असो, लव मखमली असो, एक नख पांढरं म्हणजे घरी जा. डच जातीचे पुढचे पाय पांढरेच असतात, तेव्हा तिथे नख पांढरं असायलाच हवं. म्हणजे गुन्हा काय, हे जातीवर अवलंबून. संध्याकाळी पिल्लू मांडीवर उताणं घ्यायचं, एका हाताने मान आणि डोकं सांभाळायचं, आणि दुसऱ्या हाताने एकेका बोटावरची लव मागे सारत जायचं. पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्याचं नख असतं. ते लवेत असं दडलेलं असतं की नवख्या माणसाला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही, आणि नेमकं तेच पांढरं निघतं. मग विजेरी आणायची. फिकट आहे की पांढरं? मुळाशी थोडी रंगाची झाक दिसते का? घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवायचं, त्याने ‘मला तर सगळी सारखीच दिसतात’ म्हणायचं, आणि आपण त्यातही आशा शोधायची. पिल्लू तेवढ्यात मागच्या पायांची लाथ झाडून मोकळं होतं.

नख निदान जन्माला येताना ठरलेलं असतं. हिमालयन जातीचा रंग तर हवेवर ठरतो. अंग पांढरं; नाक, कान, पाय आणि शेपूट काळपट. या सशाच्या शरीरात रंग तयार करणारं जे रसायन असतं, ते उबेत काम करत नाही, गारव्यातच करतं. म्हणून शरीराचे जे भाग टोकाला, थंड, तेवढेच गडद. पाठीवरचे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधली तर नवीन केस काळे उगवतात, हा जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. पिल्लांना घरट्यात गारवा लागला तर अंगावर करडी झाक येते, ती पहिले केस झडेपर्यंत जात नाही. उन्हाळ्यात नाकाचा डाग फिका पडतो, थंडीत भरून येतो. अशा सशाचा मालक दर दोन तासांनी खिडकीशी जाऊन आभाळ बघत असेल, तर त्याला हसू नये.

हे सगळं एक वेळ चालेल. मला खरा अडकवतो तो इंग्लिश स्पॉट. दिसायला हा ससा विलक्षण आहे. पांढऱ्या अंगावर नाकाशी फुलपाखराच्या आकाराचा डाग, डोळ्यांभोवती कडी, गालावर एकेक ठिपका, रंगीत कान, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली सलग रेघ, आणि दोन्ही कुशींवर मानेपासून मागे मोठ्या होत जाणाऱ्या ठिपक्यांची माळ. याला टेबलावर बसवत नाहीत, पळवतात. धावताना ती माळ दिसली पाहिजे. आता असे दोन उत्तम ठिपकेदार ससे एकत्र आणा. सरासरीने निम्मी पिल्लं ठिपकेदार होतात. चतुर्थांश पिल्लं पूर्ण एका रंगाची. आणि उरलेली चतुर्थांश जवळजवळ पांढरी, नाकाखाली नुसता मिशीसारखा डाग. यांना चार्ली म्हणतात, चॅप्लिनच्या मिशीवरून. ठिपक्यांचा जनुक एकाच पालकाकडून आला तर माळ उमटते, दोघांकडून आला तर चार्ली. आणि चार्लीचं दुखणं रंगापुरतं नसतं, त्याचं मोठं आतडं फुगून नीट काम करेनासं होतं.

म्हणजे कागदावरचा जो आदर्श ससा आहे, तो आपल्यासारखीच सगळी पिल्लं कधीही देऊ शकणार नाही. दहा पिढ्या निवडून काढा, शंभर काढा. आदर्श जिथे उभा केला आहे, ती मधली पायरी आहे. एकीकडे साधा ससा आणि दुसरीकडे आजारी ससा. हे ज्यांनी पहिल्यांदा कागदावर उतरवलं त्यांना जनुकं ठाऊक नव्हती, त्यांना फक्त ती माळ आवडली. आवडावी अशीच आहे. पण त्या आवडीची किंमत कोण भरतं, हे पिंजऱ्यापाशी उभं राहिलं की टाळता येत नाही.

ड्वार्फचीही हीच गत, जरा अधिक कठोर. नेदरलँड ड्वार्फचं गोल डोकं, आखूड कान आणि मुठीत मावेलसं अंग बुटकेपणाच्या एका जनुकामुळे. तो एकाकडून आला तर मनासारखा ड्वार्फ. दोघांकडून आला तर पीनट. असं पिल्लू भावंडांच्या निम्म्याने असतं, कपाळ फुगीर, मागचा भाग चिमटल्यासारखा, आणि ते काही दिवसांतच जातं. त्यावर उपाय नाही. दोन सुंदर ड्वार्फ जोडले की सरासरीने चारांत एक पिल्लू असं होणार, हे आधीच माहीत असतं. ब्रीडर लोकांच्या गप्पांत पीनटचा उल्लेख पावसाच्या सरीइतक्या सहज होतो. मला ते अजून जमलेलं नाही, आणि जमू नये असं वाटतं.

वीण हा तसा आनंदाचा भाग. साधारण ३१ दिवस भरतात. त्या सुमारास सशीण तोंडात गवताचा गठ्ठा आडवा धरून पिंजऱ्यातून येरझाऱ्या घालू लागते, मग गळ्याखालची आणि पोटाची लव उपटून पेटीत अंथरते. पिल्लं उघडी, डोळे मिटलेली. आणि नंतर आई पेटीकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्यांदा ससे पाळणाऱ्याच्या तोंडचं पाणी इथे पळतं. पण ती बरोबर असते. दिवसातून एकदा, क्वचित दोनदा, पाचेक मिनिटं आत उडी मारायची, सगळ्यांना पाजायचं आणि लांब जाऊन बसायचं, म्हणजे शिकाऱ्याला वास लागत नाही. आपण सकाळी पेटीतली लव हळूच बाजूला करावी. पोटं टम्म असतात, आणि त्वचा इतकी पातळ असते की प्यालेलं दूध आतून पांढरं दिसतं. एवढं दिसलं की पुन्हा पांघरून घालून निघून यावं. दहाएक दिवसांनी डोळे उघडतात आणि आपण लगेच कागद काढतो.

शोच्या दिवशी मात्र कागद आपल्या हातात नसतो, जजच्या डोक्यात असतो. टेबलावर गालिच्याचा तुकडा, म्हणजे पाय घसरू नयेत. ससा त्यावर बसवला जातो, पुढचे पंजे डोळ्यांच्या बरोबर खाली, मागची बोटं कमरेच्या रेषेत. जज कान बघतो, दात बघतो, उताणं करून नखं बघतो. दात जुळत नसतील तर तिथेच खेळ खलास; आखूड तोंडाच्या जातींत ही भीती कायमची. मग हात चालू लागतात. शेपटीकडून डोक्याकडे उलटा तळवा फिरवायचा. काही जातींची लव सावकाश जागेवर परतली पाहिजे, काहींची झटकन. रेक्सची लव उलटी-सुलटी कशीही फिरवा, ती हाताखाली उभीच राहते. ही जात १९१९ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या साध्या सशाच्या विणीत अवचित निघाली. चिंचिला असेल तर जज लवेत फुंकर मारतो, आणि केस फाकून तळाशी पाटीसारखा निळसर, मग मोतिया आणि कडेला काळा अशी रंगांची चक्रं उमलतात. हे एवढं बघायला मी कुठल्याही शोला जाईन. बघायला नेलेला ससा खरं तर बोटांनी वाचला जातो. खांद्यावरून घसरत जाणाऱ्या तळव्याला जे कळतं, ते फोटोत कळत नाही.

ससा या सगळ्यात दगडासारखा बसून असतो. जज म्हणतो, ‘शांत आहे, छान शिकवलाय.’ मालक मान डोलावतो. शिकवलेलं असतं हे खरं. रोज थोडा वेळ टेबलावर बसवावं लागतं. पण भ्यायलेला ससाही असाच निश्चल बसतो. दोघांतला फरक मी नाकावर बघतो. कसल्या तरी विचारात असल्यासारखं नाक संथ हलत असेल तर ठीक. भरभर हलत असेल किंवा थबकलं असेल, तर बक्षिसाची रिबीन कुठल्याही रंगाची मिळो, त्याला लवकर खोक्यात ठेवावं.

निकालाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. एकाच दिवशी दोन शो ठेवण्याची पद्धत आहे, आणि सकाळी एका जजकडे पहिला आलेला ससा दुपारी दुसऱ्याकडे शेवटून दुसरा येतो. मधल्या काळात त्याने थोडं गवत खाल्लेलं असतं, एवढाच बदल. कागद एकच, वाचणारे दोन. आणि ज्याच्यावर वर्षभर डोळे लावून बसावं, तो नेमका शोच्या आठवड्यात केस टाकायला लागतो. हात फिरवला की मूठभर लव निघते, पाठीवर नवे-जुने केस पायरीपायरीने दिसतात. अशा वेळी मालकाची जी ससेहोलपट होते, ती सशाची होत नाही. तो निवांत असतो. त्याला नवा कोट मिळत असतो.

पण माझी खरी माया आहे ती शोला कधीच न जाणाऱ्या एकीवर. ड्वार्फच्या विणीत सरासरीने चारांत एक पिल्लू पीनट होतं, तसं चारांत एक बुटकेपणाच्या जनुकाशिवायच जन्मतं. तिचे कान लांब होतात, तोंड लांब होतं, वजन मर्यादेच्या पलीकडे जातं. अमेरिकन नियमात ड्वार्फ अडीच पौंडांच्या, म्हणजे सव्वा किलोच्याही आतच लागतो. ही त्याच्या पुढे निघून जाते आणि कागद तिला दारातूनच परत पाठवतो. नवखा माणूस तिला चटकन कोणाला तरी देऊन टाकतो. मुरलेला माणूस तिला ठेवतो. कारण तिला चांगल्या ड्वार्फ नराशी जोडलं तर निम्मी पिल्लं अस्सल ड्वार्फ होतात आणि पीनट एकही नाही. तिच्याकडे द्यायला तो जनुकच नसतो. शिवाय अंगाने मोठी, त्यामुळे वीण सोपी, दूध भरपूर. माझ्याकडची अशी एक बया खाद्याचं भांडं दातांत धरून जाळीवर आपटते, भरेपर्यंत आपटते, आणि पाठीला कमान म्हणाल तर नावालाही नाही. तिच्या दोन लेकी टेबलावर पहिल्या आल्या आहेत.

म्हणून शोमध्ये हिंडताना मी विजेत्याच्या मालकाला हटकून एक प्रश्न विचारतो. हा ससा देणार का, म्हटलं तर तो हनुवटी खाजवतो, पुढच्या विणीचं बघू म्हणतो, बोलणं चालू राहतं. मग विचारायचं, ‘बरं, याची आई?’

‘ती नाही,’ असं म्हणून तो पाण्याची बाटली भरायला निघून जातो.