पन्हाळ्यावरचं जुनं घर
पन्हाळ्यावर एक जुनं दगडी घर बघून आलोय आणि तेव्हापासनं डोक्यातनं जाईना. गडावर लोक आजही राहतात, पण तिथं घर घ्यायचं म्हणजे नुसतं खरेदीखत नव्हे, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरातही परवानगी लागते, डागडुजीलासुद्धा, म्हणून आधी मोजणी आणि चांगला वकील. आबा म्हणाले, "सिमेंट लावू नकोस बाबा, भिंत कुजंल." खरंय ते. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आतच कोंडतं, मग गिलावा सुटतो, आणि पन्हाळ्याचा पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे! रविवारी चुनेकाम जाणणाऱ्या गवंड्याला घेऊन परत वर जातोय.